साठपैकी एकोणीस

सरांना साठपैकी एकोणीस मिळाले आणि त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेनासं झालं.

एकोणीस म्हणजे नापास. याबाबत सरांशी कुणी वाद घालू नये. माणसाने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं परीक्षा मंडळाचा मुख्य मॉडरेटर म्हणून काढली. मॉडरेटर म्हणजे काय, तर इतर मास्तरांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासायचे आणि मग त्या मास्तरांना फैलावर घ्यायचं. खुद्द मुख्याध्यापकांच्या भाच्याला सरांनी अर्ध्या गुणासाठी नापास केलं होतं. तो भाचा आता मोठा साहेब झालाय, पण रस्त्यात सर दिसले की अजून पलीकडच्या फुटपाथवर जातो. असा दरारा असलेला माणूस अडुसष्टाव्या वर्षी एकोणिसावर यावा, आणि तेही अशा विषयात की जो चारचौघांत सांगायचीसुद्धा चोरी!

विषय काय होता ते सांगतो, पण जरा हळू. सरांना चार वर्षांपूर्वी पार्किन्सन झाला. उजवा हात थरथरायला लागला, पावलं आखूड पडायला लागली, अक्षर ओळीगणिक बारीक होत मुंगीएवढं झालं. आणि चेहरा थिजला. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे माणूस आतून खदखदून हसत असला तरी वरून कोरी पाटी. सरांचा चेहरा पूर्वीही फार हलणारा नव्हता म्हणा. पण पूर्वी निदान राग तरी दिसायचा.

तर हॉस्पिटलात नवीन डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी एक पाहणी काढली. अकरा देशांत एकाच वेळी चालू होती म्हणे. पार्किन्सन झालेल्या माणसांचं नवरा-बायको म्हणून खासगीतलं आयुष्य कसं चाललंय, त्यात काय अडतं, आणि कुठल्या देशातली माणसं ते कसं सांगतात किंवा कसं लपवतात, हा शोधाचा विषय. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण साठ. नवऱ्याला एका खोलीत विचारायचं, बायकोला दुसऱ्या. एकमेकांची उत्तरं एकमेकांना सांगायची नाहीत. सरांना यातली व्यवस्था फार आवडली, कारण कॉपीला वावच नव्हता.

सरांच्या खोलीत हातात टॅब घेतलेली एक मुलगी बसली होती. तिने आधी सूचनांचा कागद पुढे केला.

"राहू द्या," सर म्हणाले. "सूचना लिहिण्यात माझा जन्म गेलाय."

एकतीस वर्षं प्रत्येक वर्गात जाऊन 'आधी सूचना वाचा, मग पेन उचला' असं बजावणारा हा माणूस! पण आपल्यालाही कधी सूचना वाचाव्या लागतील, हे मास्तर लोकांच्या डोक्यातच येत नाही. पलीकडच्या खोलीत वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, तोच कागद दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवून दिला.

पहिल्याच प्रश्नाला सर अडले. "'आपण व आपले जोडीदार शारीरिक जवळिकीच्या उपक्रमात...' थांबा. उपक्रम हा शब्द कुणी घातला? उपक्रम म्हणजे शाळेची सहल."

"भाषांतर आहे सर. मूळ फॉर्म परदेशातला आहे."

"दिसतंयच. लिहून घ्या, शब्द बदलावा."

मुलीने बिचारीने लिहून घेतलं. पुढचे प्रश्न मात्र सरांनी झटपट उडवले. अमुक अडचण येते का? नाही. तमुक? मुळीच नाही. इच्छा कमी झाली आहे का? छे! जोडीदाराशी या विषयावर मोकळेपणाने बोलता का? "नेहमी," सर म्हणाले आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात या विषयावर दोघांचं एकदाच बोलणं झालं होतं, आणि तेही 'खिडकी लावून घे' एवढंच. खरं सांगायचं तर गेलं दीड वर्ष सर बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत होते. झोपेत हातपाय उडायचे, एकदा कोपर वहिनींच्या गालावर बसलं, दुसऱ्या दिवशी सर उशी उचलून बाहेर गेले. का गेले ते त्यांनी सांगितलं नाही आणि का गेलात ते वहिनींनी विचारलं नाही. पण हे काय टॅबवाल्या मुलीला सांगायचं? आठदहा ठिकाणी 'नाही' म्हणायला जीभ रेटेना तेव्हा 'कधीकधी' म्हणाले, आणि दोन ठिकाणी खोकला काढला.

शेवटी टॅबला जोडलेल्या मशीनमधून चिठ्ठी आली. १९/६०.

"डॉक्टर पुढच्या वेळी याचा अर्थ समजावतील," मुलगी म्हणाली.

"मला आकड्यांचा अर्थ कळतो," सर म्हणाले आणि चिठ्ठी खिशात कोंबून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत खोटं बोललो आणि तरीही नापास, हे काही त्यांच्या पचनी पडेना. बाकावर अर्धा तास बसल्यावर वहिनी आल्या. त्यांचे डोळे जरा लाल होते. एवढा वेळ काय सांगत होत्या कोण जाणे.

"तुला किती?" सरांनी विचारलं.

"सांगायचं नाही म्हणाले ना?" वहिनी म्हणाल्या आणि रिक्षा बघायला लागल्या.

इथवर ठीक होतं. एकोणीस तर एकोणीस, कुणाला कळणार होतं? पण दर गुरुवारी हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये या आजाराची माणसं व्यायामाला जमत. हातात काठ्या घेऊन डावं-उजवं करायचं, मोठ्याने आकडे म्हणायचे, मग चहा. या जमावाला 'थरथर मंडळ' असं नाव पडलं होतं आणि ते नाव ठेवणारा होता टेलर. सरांच्या दुखण्यातलं खरं दुखणं ते हेच.

हा टेलर सरांच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. वय सरांएवढंच, आजार सरांएवढाच, औषधं तीच. चेहरा तर सरांपेक्षाही थिजलेला. पण जिभेला काही झालं नव्हतं. तो त्या लाकडी चेहऱ्याने काहीतरी बोलायचा आणि अख्खा हॉल हसायचा. वहिनी तर डोळ्याला पदर लावून हसायच्या. काठ्या फिरवता फिरवता सरांची नजर तिकडेच. घरात ही बाई अशी कधी हसली होती? आठवत नाही. शिवाय गेली सत्तावीस वर्षं वहिनींचे ब्लाउज हाच शिवत आला होता. म्हणजे आपल्या बायकोची मापं या माणसाच्या वहीत लिहून ठेवलेली आहेत, आणि आपल्याला तिच्या चपलेचा नंबरसुद्धा सांगता येणार नाही! हा विचार सरांना पूर्वी कधी आला नव्हता. पण एकदा आला तो मुक्कामालाच राहिला.

तर त्या गुरुवारी चहाच्या वेळी सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय टेलर, तुमचा तो फॉर्म झाला का? किती आले?"

टेलरने कप खाली ठेवला. "बावन्न."

"बावन्न?"

"हो सर. बावन्न." चेहऱ्यावर रेष हलली नाही. ना अभिमान, ना काही. बावन्न मिळवून ज्याला त्याचं काहीच वाटत नाही असा तो माणूस बघून सरांच्या पायाखालची जमीन सरकली.

आणि मग जे बोलायला नको ते सर बोलून गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अरे वा! आमच्यात बावन्नवाले बसलेत आणि आम्हाला पत्ता नाही. एखादा वर्ग घ्या की आमचा!"

दोघं-तिघं हसले. टेलर हसला नाही, आणि त्या दिवशी पुढे त्याने एकही विनोद केला नाही. शिष्ट मेला, सर मनात म्हणाले.

घरी आल्यावर सरांनी हिशेब मांडला. तेहतीस गुणांचा फरक! वय सारखं, आजार सारखा, गोळ्या एकाच दुकानातल्या. मग त्याच्यात असं काय आहे? खालच्या मजल्यावरचे केमिस्ट निवृत्त होऊन सल्ले द्यायलाच मोकळे झाले होते. त्यांना सरांनी विषय न सांगता विचारलं, "समजा, एका परीक्षेत एकाला फारच कमी गुण पडले..."

"कोण नापास झालं? नातू?"

"समजा नातू."

"सर, तुम्ही मला विचारताय? पुनर्तपासणीला टाका! हल्ली सर्रास वाढतात. पण नातवाचं अक्षर कसं आहे?"

"बारीक आहे," सर म्हणाले.

"मग तेच कारण. तपासणाऱ्याला दिसलं नसणार."

झालं. सरांनी फूलस्केप घेतला आणि अर्ज लिहायला बसले. 'मा. डॉक्टर महोदया, विषय: गुणांच्या पुनर्तपासणीबाबत.' विषयाची ओळ चांगली ठळक आली. पुढे मात्र सवयीप्रमाणे अक्षर बारीक होत गेलं, आणि अक्षर जसं बारीक होत गेलं तसं मनातलं बाहेर येत गेलं. शेवटच्या परिच्छेदात काय लिहिलंय ते दुसऱ्या दिवशी सरांनाही वाचता येईना.

हॉस्पिटलच्या आवक-जावक खिडकीवर रांग होती. कारकून मोठ्या आवाजाचा. "विषय: गुणांच्या पुनर्तपासणीबाबत," त्याने वाचलं. "कसले गुण? इथे शाळा नाही काका."

"ती एक पाहणी झाली. डॉक्टरीणबाईंची. जरा हळू बोला."

"हळू बोललो की मलाच ऐकू येत नाही. कुठली पाहणी? मधुमेहाची?"

"नाही."

"मूळव्याधीची?"

सरांनी काचेला तोंड लावून कुजबुजत सांगितलं. कारकुनाने मान डोलावली आणि मागे वळून आपल्या साहेबांना हाक मारली, "साहेब, ते नवरा-बायकोच्या भानगडीचे फॉर्म आहेत ना, त्यात या काकांना कमी मार्क पडलेत. कुठल्या रजिस्टरला घेऊ?"

सरांच्या मागे पायाला प्लास्टर घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "काका, नुसती बेरीज तपासा म्हणू नका हं. पूर्ण पेपर पुन्हा तपासायला सांगा. माझ्या भाच्याचे अकरा वाढले."

एरवी सरांनी या बाईला उभंआडवं घेतलं असतं. पण अकरा वाढले म्हटल्यावर त्यांनी लगेच "काय विषय होता?" असं विचारलं.

साहेबांनी 'इतर' नावाच्या रजिस्टरला अर्ज घ्यायला सांगितलं. पण एक पाचर मारलीच. या पाहणीत नवरा-बायकोचे कागद एकाच क्रमांकाने जोडलेले, म्हणून एकाचा कागद उघडायचा तर दुसऱ्याची सही हवी. "पत्नीची सही घेऊन या," कारकून म्हणाला, आणि अर्ज काचेखालून परत आला.

सरांनी दोन दिवस अर्ज खिशात बाळगला. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या असताना त्यांनी तो टेबलावर ठेवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि बाकीचा मजकूर तळहाताने झाकला. "इथे सही कर. हॉस्पिटलचं आहे."

"हात काढा," वहिनी म्हणाल्या.

"काही विशेष नाही."

"मग हात काढायला काय होतंय?"

हात तसाही थरथरत होता, तो निघालाच. वहिनींनी चष्मा लावला. पुरेना, म्हणून फडताळातून भिंग आणलं. एकेक ओळ भिंगाखाली घेत त्या शेवटपर्यंत गेल्या. शेवटच्या परिच्छेदावर फार वेळ थांबल्या. मग भिंग बाजूला ठेवून सरांकडे टक लावून बघत राहिल्या. सरांच्या चेहऱ्यावर अर्थातच काही नव्हतं.

"टेलरभावजींना बावन्न?"

"हो. तो स्वतःच सांगत होता."

"आणि तुम्हाला वाढवून हवेत."

"न्याय हवाय," सर म्हणाले.

वहिनींनी सही केली. "ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी मी पण येणार," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मटार घेऊन बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडतेय की काय, सरांना कळेना, आणि विचारायचं कसं हेही कळेना.

तारीख मिळाली पुढच्या बुधवारची. परीक्षा म्हटली की तयारी आली. पहिल्या नंबराने पास झालेल्याच्या वह्या बघायच्या, हा तर शिरस्ता. अभिमान गिळून, मनावर दगड ठेवून सर एका दुपारी टेलरच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत पूर्वी दुकान होतं. मशीनवर चादर टाकलेली, कात्र्या खिळ्याला लटकवलेल्या.

"वहिनींचं काही शिवायचं होतं का?" टेलरने विचारलं. "आता मी शिवत नाही सर. सुईत दोरा जात नाही."

सरांना क्षणभर कसंसंच झालं. पण लगेच बावन्न आठवले. "शिवायचं नाही. तिचं माप हवं होतं. वहीत असेल ना?"

टेलरने विचारलं नाही कशाला. जाडजूड वही काढली, थरथरत्या बोटाने पान शोधलं. आकडे होते, आणि त्यांच्या बाजूला पेन्सिलीने बारीक टीप होती: 'मागचा गळा मोठा. सरांना आवडतो म्हणतात.'

सरांनी ती ओळ तीनदा वाचली. मागचा गळा! आवडायचा खरा. पण ते बेचाळीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. तिने कधी ओळखलं? आणि ओळखून सांगितलं कुणाला, तर याला! आपल्या मनातली गोष्ट आपल्या बायकोला माहीत आहे, ही गोष्ट आपल्याला नाही पण या शिंप्याला सत्तावीस वर्षं माहीत आहे! सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्यातच कुठेतरी फार बरं वाटलं, पण ते त्यांनी लगेच दाबून टाकलं.

आतून टेलरची बायको आली, चहा ठेवला आणि आत गेली. तिने दार ओढून घेतलं.

"टेलर," सरांनी विचारलं, "बावन्न कसे काढलेत? खरं सांगा."

टेलरने वही मिटली. "काही केलं नाही सर. त्या मुलीने विचारलं, मी जे आहे ते सांगितलं. म्हटलं, डॉक्टरपाशी काय लपवायचं? काही म्हणजे काही लपवलं नाही."

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुण खरेपणाला आहेत तर! मोकळेपणाने सांगणाऱ्याला गुण, लपवणाऱ्याला भोपळा. परदेशातला फॉर्म, तिकडे असंच असणार. त्यांनी मनात प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला दाद दिली आणि चहा न घेताच उठले.

बुधवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत टॅबवाली मुलगी होती, वहिनी होत्या आणि टेबलावर अर्ज होता. "सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या अर्जाची पहिली ओळच वाचता येते. पण तुम्हाला उत्तरं बदलायची असतील तर पुन्हा विचारते. वहिनी बाहेर थांबल्या तरी..."

"थांबू दे इथेच," सर म्हणाले. मोकळेपणाला जास्तीचे गुण मिळतील असा त्यांचा अंदाज.

आणि सर खरं बोलायला लागले. सुरुवातीला गुणांसाठी बोलले. चौथ्या-पाचव्या प्रश्नाशी गुणांचं भानच राहिलं नाही. इच्छा होते, पण शरीर साथ देत नाही, हे बोलले. औषधाचा अंमल उतरला की कुशीवर वळतासुद्धा येत नाही, मग कसली जवळीक, हे बोलले. "बाहेरच्या खोलीत का झोपता?" असा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, तरी त्याचंही उत्तर दिलं. "माझं कोपर हिच्या गालाला लागलं. निळं झालं होतं. पुन्हा लागलं तर? ही काही बोलणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मीच गेलो. तिथे मला झोप येत नाही." हे सगळं त्या कोऱ्या चेहऱ्याने आणि एकसुरी आवाजात, जणू हवामानाचा तक्ता वाचताहेत. वहिनी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरून बसल्या होत्या.

मशीनमधून चिठ्ठी आली. सरांनी ती डॉक्टरीणबाईंच्या आधी उचलली. ४१/६०.

"एक्केचाळीस!" सर म्हणाले. "फर्स्ट क्लास! बघितलंस? बावीस वाढले!"

टॅबवाली मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "सूचना वाचल्या होत्यात का?"

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून सरांपुढे धरला. तिसरी सूचना चांगल्या ठळक अक्षरात होती. आकडा जितका मोठा, तितकी अडचण मोठी.

सरांनी ती वाचली. मग पहिली आणि दुसरीही वाचली. मग तिसरी पुन्हा वाचली. आपली अडचण वाढवून मिळावी म्हणून आपण रीतसर अर्ज केला, बायकोची सही घेतली आणि वाढवून घेतली, हे त्यांना समजलं. शरमेने जीव अर्धा झाला. पण पुढच्याच क्षणी जे समजलं त्याने उरलेला अर्धाही गेला. टेलरचे बावन्न! तो बंद शिलाई मशीनजवळ बसून म्हणाला होता, काही म्हणजे काही लपवलं नाही. आणि आपण भर हॉलमध्ये काय बोललो? वर्ग घ्या आमचा!

"तुला माहीत होतं," सर म्हणाले. "सही केलीस तेव्हाच माहीत होतं. मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आज इथे तोंड उघडलं असतं का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, वाईट वाटून घेऊ नका. अकरा देशांत सगळ्यांत कमी अडचणी आपल्याकडेच निघाल्यात. कागदावर. बाहेरचे लोक मला विचारताहेत, तुमच्याकडे असं काय आहे? मी काय सांगू, आमच्याकडे सगळे 'मुळीच नाही' म्हणतात? खरं बोलणारे दोघंच. टेलरकाका पहिले, तुम्ही दुसरे. एक्केचाळिसावर मला औषध बदलता येतं. एकोणिसावर काय करणार होते?" मग त्यांनी अर्ज उचलला. "पण हे शेवटचं काय लिहिलंय? फाइलला लावायचं तर वाचायला हवं."

"काही नाही, किरकोळ आहे," सर घाईने म्हणाले.

"मी वाचते," वहिनी म्हणाल्या. पर्समधून भिंगसुद्धा निघालं. "'सदर शिंप्याचे व माझे वय, आजार व गोळ्या समान असता त्यास तेहतीस गुण जास्त कसे, हे अनाकलनीय आहे. तसेच सदर शिंपी दर गुरुवारी माझ्या पत्नीस हसवतो. ती घरी तशी हसत नाही. याचा गुणदानावर परिणाम झाला असल्यास तपासावे. तिची मापे सदर शिंप्याच्या वहीत आहेत, ती परत मिळण्याची काही तरतूद असल्यास कळवावे.'"

टॅबवाल्या मुलीला जोराचा खोकला आला आणि ती बाहेर गेली.

गुरुवारी सर थरथर मंडळात जायला तयार नव्हते. वहिनींनी नेलं. माफी मागायची ठरवून, वाक्यं पाठ करून सर गेले, तर टेलर दारातच उभा. आवक-जावकच्या खिडकीवरून बातमी केव्हाच हॉलमध्ये पोचली होती की सरांनी अर्ज करून आपला आकडा वाढवून घेतला.

"सर," टेलर म्हणाला, आणि त्याने सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तीन हात एकत्र थरथरत होते. "मी एकटा पडलो होतो हो. सगळे सात, नऊ, अकरा, आणि मी बावन्न. लाजेने पुन्हा यायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्ही माझ्यासाठी स्वतःचा आकडा वाढवून घेतलात. कोण करतं असं?"

सरांनी तोंड उघडलं. पाठ केलेली वाक्यं समोर होती. मागे वहिनी उभ्या होत्या. "टेलर, खरं म्हणजे मी तुमच्यावर..."

"बोलू नका सर," टेलर म्हणाला. "तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय मला."

एवढं ऐकल्यावर वहिनींनी डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी चहाच्या वेळी सात, नऊ आणि अकरावाल्यांनी टेलरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की पुन्हा पेपर द्यायचा असेल तर अर्ज कुठे मिळतो.

हॉस्पिटलातून निघताना वहिनी घराकडे न वळता आवक-जावकच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पर्समधून फूलस्केप काढून त्यांनी काचेखाली सरकवला. कारकुनाने नेहमीच्या आवाजात वाचायला घेतलं.

"विषय: पुनर्तपासणीबाबत. काय हो, घराणंच अर्ज करायला लागलं? 'मी माझ्या फॉर्ममध्ये प्रश्न सतरा, जोडीदाराला तुमची ओढ वाटते का, याचे उत्तर कधीच नाही असे दिले होते. यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांत काही दिसले नाही व हे दीड वर्ष बाहेर झोपतात, त्यावरून दिले होते. ते बदलून मिळावे.'" कारकून थांबला. "कारण लिहिलं नाही. कारण लागतं."

"लिहून घ्या," वहिनी म्हणाल्या. आवाज मुळीच हळू नव्हता. "नवरा अजून जळतो, असे आढळून आले."

रांग पुढे सरकायची थांबली. कारकुनाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं, 'इतर' रजिस्टरला चढवलं आणि कागद काचेखालून सरांपुढे सरकवला. "पतीची सही."

सरांनी पेन धरलं. हात थरथरत होता, कान लाल झाले होते आणि चेहरा नेहमीसारखा कोरा होता. पण या वेळी वहिनी चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या, कानांकडे बघत होत्या. सही मुंगीएवढी आली.

"चालेल का ही?" सरांनी विचारलं.

"मला दिसते," वहिनी म्हणाल्या, आणि घरी जाऊन दिवाणावरची उशी त्यांनी स्वतः आत नेली.